झाड मळेवाल्याचे, लाकूड सरकारचे

महाराष्ट्रात कॉफी हे पेय अद्यापि पाहुण्यासारखेच राहिले आहे. चहा रोजचा; कॉफी उपवासाची, जागरणाची, फार तर कोजागरीनंतर उरलेल्या दुधाची. जायफळाची चिमूट टाकून केलेल्या त्या गोड पेयाचा बुंददाणा कोठून येतो, कोणाच्या झाडाखाली वाढतो, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. वास्तविक इंडिया कॉफी हाऊसची परंपरा १९३६ साली मुंबईतच सुरू झाली आणि चिखलदऱ्याच्या डोंगरावर इंग्रजांनी लावलेली कॉफी आजही थोडीफार पिकते. पण प्रस्तुत लेखाचा विषय चिखलदरा नव्हे. विषय आहे तो आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिणेकडील अंगावर वसलेल्या कोडगू जिल्ह्याचा, ज्याला जुन्या पिढीतील वाचक कुर्ग म्हणून ओळखतात. आणि तेथे गेली काही दशके कोणताही गाजावाजा न होता चाललेल्या एका बदलाचा.

मडिकेरीहून विराजपेठेकडे निघालेल्या प्रवाशाला दोन्ही बाजूंना दाट अरण्य असल्याचा भास होतो. ऐन, किंजळ, नाणा, शिसव, फणस, उंबर असे आपल्या कोकणातलेच ओळखीचे वृक्ष, त्यांच्या खोडांवर चढलेले मिरीचे वेल, आणि खाली कमरेएवढी किंवा पुरुषभर उंचीची हिरवीगार झुडपे. थोडे थांबून पाहिले म्हणजे कळते, की हे अरण्य नाही. कोणाची तरी शेती आहे. ती झुडपे कॉफीची आहेत, आणि वरचे वृक्ष त्यांच्यासाठी राखलेली सावली आहे. भारतातील एकूण कॉफीपैकी सुमारे ७० टक्के कर्नाटकात पिकते, आणि त्यात कोडगूचा वाटा सर्वांत मोठा. येथील बहुतेक मळेवाले दहा हेक्टरांच्या आतले लहान शेतकरी आहेत. मळेवाला म्हटले की डोळ्यांसमोर बंगला, घोडा आणि बंदूक उभी राहते. ते चित्र आता जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांपुरतेच खरे आहे.

कॉफी हे मूळचे इथिओपियाच्या डोंगराळ अरण्यात, मोठ्या झाडांच्या छायेत वाढणारे झुडूप. सतराव्या शतकात बाबा बुदन या सूफी साधूने येमेनमधून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात रुजवल्या, अशी आख्यायिका आहे. त्यानंतरची दीडदोनशे वर्षे कॉफी परसातली राहिली. एकोणिसाव्या शतकात युरोपीय मळेवाले आले आणि त्यांनी तिला परसातून डोंगरावर नेले. अरण्य तोडावे, पेटवावे आणि उघड्या उतारावर कॉफी लावावी, ही त्यांची रीत. पहिली काही वर्षे पीकही भरघोस आले. मग १८६५-६६ च्या सुमारास कोडगूतील मळ्यांवर खोडकिड्याने असा काही घाला घातला की मळेच्या मळे वाळून गेले. या विनाशाची चौकशी करणाऱ्या डॉ. जॉर्ज बिडी यांचा अहवाल १८६९ साली मद्रासेत प्रसिद्ध झाला. अवर्षण आणि सावलीचा अभाव ही त्यांनी दाखविलेली कारणे. योगायोग असा, की त्याच १८६९ साली सिंहलद्वीपात कॉफीवर तांबेरा आढळला. त्या बेटावरील मळेवाल्यांनी पुढे कॉफी सोडून चहाचा आश्रय घेतला. कोडगूच्या मळेवाल्यांनी मात्र कॉफी सोडली नाही. त्यांनी सावली परत आणली.

यात भूतदयेचा भाग नव्हता, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. खोडकिड्याची मादी अंडी घालते ती उन्हात तापलेल्या खोडाच्या भेगांत. सावली दाट असली की तिला तसे खोड मिळत नाही. वरच्या वृक्षांची पाने गळून कुजतात, त्यांतून जमिनीला खत मिळते आणि मुसळधार पावसात माती धरून राहते. उन्हाळ्यात ओल टिकते. झाडावर मिरी चढते, म्हणजे एका जमिनीत दोन पिके. या साऱ्याचा हिशेब करूनच शेतकऱ्याने झाडे राखली. वर जुने उंच वृक्ष, मध्ये पांगाऱ्यासारखी लवकर वाढणारी व सहज सवळता येणारी झाडे, खाली कॉफी, अशी ती दुमजली सावली. पावसाळ्याच्या तोंडावर फांद्या सवळून ऊन किती खाली उतरू द्यायचे हे ठरवावयाचे, ही येथील शेतीतील सर्वांत नाजूक कला. ती पुस्तकातून शिकता येत नाही.

आणि या स्वार्थी व्यवस्थेच्या आडोशाने जे जगले ते थोडेथोडके नाही. पश्चिम घाटातील सुपारी, कॉफी आणि रबर यांच्या मळ्यांची अलीकडे पक्षितज्ज्ञांनी पाहणी केली, तीत कॉफीचे मळे पक्ष्यांच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध ठरले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर केवळ कॉफीच्या मळ्यांत अरण्यावर अवलंबून असणाऱ्या ७९ जातींचे पक्षी नोंदले गेले; त्यांत निलगिरी रानकबुतरासारखे संकटग्रस्त पक्षीही होते. कोडगूत बाराशेहून अधिक देवराया आहेत. त्यांना तेथे देवरकाडू म्हणतात. महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात केला, तो वाचकांपैकी काहींना स्मरत असेल. आपल्याकडील देवराई बहुधा उघड्या माळावर एकाकी उभी असते. कोडगूतील देवराईचे भाग्य असे, की तिच्या सभोवती कॉफीच्या मळ्यांची सावली पसरलेली आहे, आणि पक्षी, कीटक, बिया यांना एका राईतून दुसरीत जाण्याचा मार्ग मोकळा आहे.

रोबस्टा कॉफीची एक गोष्ट येथे मुद्दाम सांगण्यासारखी आहे. अरेबिकाचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. रोबस्टाचे तसे नाही, तिला दुसऱ्या झाडाचे पराग लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये वळवाची पहिली सर आली, की आठदहा दिवसांत सारा मळा एकदम पांढऱ्या फुलांनी भरून जातो. हा फुलोरा दोनतीन दिवसांचाच. तेवढ्या अवधीत परागीकरणाचे मोठे काम करतात त्या आग्यामाश्या. त्यांची मोहोळे लागतात उंच, जुन्या, आडव्या फांद्यांच्या वृक्षांवर. म्हणजे मळ्यातला अथवा शेजारच्या राईतला एखादा म्हातारा वृक्ष शेतकऱ्याच्या पोत्यांत दरवर्षी भर घालीत असतो. हिशेबाच्या वहीत मात्र त्याच्या नावावर काहीच जमा नसते.

तथापि या चित्राला भुलून कॉफीच्या मळ्याला अरण्य म्हणणे हा निव्वळ भाबडेपणा होईल. अरण्यात मोठ्या झाडाखाली त्याची रोपे वाढत असतात. मळ्यात त्या जागी कॉफी असते आणि उगवलेले रोप खुरपणीत जाते. त्यामुळे मळ्यातील वृक्षराजी ही, तरुण माणसे मुंबईस निघून गेलेल्या कोकणातल्या वाडीसारखी असते. थोर वडीलधारी मंडळी आहेत, घरात पाळणा मात्र नाही. शिवाय कॉफीनेही अरण्य खाल्ले आहे. १९७७ ते १९९७ या वीस वर्षांत कोडगूतील वनाच्छादन चतुर्थांशाहून अधिक घटले, आणि ते मुख्यतः खासगी रानांचे व वेलदोड्याच्या बागांचे कॉफीत रूपांतर झाल्यामुळे. फळाचा गर काढण्यासाठी धुलाईची जी पद्धत आहे तिचे आंबलेले पाणी ओढ्यांत सोडले जाते, हाही आरोप जुना आहे आणि निराधार नाही. तेव्हा शेतकरी हा निसर्गाचा निःस्वार्थ राखणदार, ही भूमिका घेण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे, की जे उरले आहे ते टिकावे असे त्याला वाटण्याजोगे आपण काय ठेवले आहे?

याचे उत्तर कोडगूतील मळ्यांत सर्वत्र सरळसोट उभे आहे. त्याचे नाव सिल्व्हर ओक. हा वृक्ष मूळचा ऑस्ट्रेलियातला. चहाकॉफीच्या मळेवाल्यांनी तो येथे आणला, आणि गेल्या काही दशकांत जुन्या देशी वृक्षांची जागा तो भराभर घेत आहे. तो झपाट्याने वाढतो, फांद्या कमी पसरतो, मिरीच्या वेलाला उत्तम आधार देतो. त्याच्या फुलांतील मधासाठी पक्षी येतात, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु उंबराप्रमाणे वर्षभर फळांचे अन्नछत्र तो चालवीत नाही. धनेशाला घरटे करण्याजोगी ढोली त्याच्यात क्वचितच तयार होते, कारण तेवढा म्हातारा तो होतच नाही. त्याआधीच विकला जातो. त्याचा पालाही लवकर कुजत नाही. मग शेतकऱ्याचा ओढा त्याच्याकडे का? वाढीचा वेग हे अर्धे कारण. उरलेले अर्धे कारण कायद्यात आहे.

कर्नाटकाचा वृक्षसंरक्षण कायदा १९७६ सालचा. त्याअन्वये खासगी जमिनीवरील झाड तोडण्यासही वनखात्याच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. लाकूड हलवावयाचे तर वाहतुकीचा परवाना वेगळा. काही जाती या बंधनातून वगळल्या आहेत, आणि त्यांत सिल्व्हर ओक आहे. परिणामी शेतकऱ्यापुढील निवड अशी होते: शिसवीचे रोप लावावे, पन्नाससाठ वर्षे ते जपावे आणि शेवटी नातवाने परवानगीसाठी कचेरीचे उंबरठे झिजवावेत, अथवा सिल्व्हर ओक लावावा, वीसपंचवीस वर्षांत तो कापावा आणि मुलीच्या लग्नाला किंवा मुलाच्या शिक्षणाला पैसे उभे करावेत. जो कायदा देशी वृक्ष वाचविण्यासाठी केला, त्यानेच देशी वृक्ष लावणे हा तोट्याचा व्यवहार करून ठेवला. आपल्या देशात कायद्याचा हेतू आणि कायद्याचे फळ यांची गाठ अनेकदा पडत नाही, परंतु त्याचे इतके ठसठशीत उदाहरण विरळा.

कोडगूत हा गुंता आणखी एका गाठीने घट्ट झालेला आहे. १८३४ साली इंग्रजांनी हे संस्थान खालसा केले त्यापूर्वी तेथील राजांनी सेवेच्या मोबदल्यात कोडव घराण्यांना जमिनी दिल्या होत्या. या जमिनी ‘जम्मा’ म्हणून ओळखल्या जातात. सारा निम्मा, आणि मालकी एकट्यादुकट्याची नसून साऱ्या कुळाची. पुढे इंग्रजी अमलात जमिनींचे आणखी एक वर्गीकरण झाले. ज्या जमिनीवरील लाकडाचे मूल्य धारकाने सरकारात भरले ती ‘रिडीम्ड’, म्हणजे सोडवून घेतलेली. ज्याने भरले नाही त्याची ‘अनरिडीम्ड’. या दुसऱ्या प्रकारच्या जमिनीवर शेतकरी कॉफी पिकवितो, सारा भरतो, तेथेच त्याचे घर असते. पण त्याच्या डोक्यावरच्या वृक्षाचे लाकूड सरकारचे. ज्या झाडाचा पाला तो वेचतो, ज्याच्या फांद्या स्वतःच्या खर्चाने सवळतो, जे वादळात कोसळले तर त्याचीच कॉफी चिरडते, त्या झाडाच्या किमतीवर त्याचा अधिकार नाही. इंग्रज गेले, कोडगू हे काही काळ स्वतंत्र राज्य होते तेही १९५६ साली विलीन झाले, पण ही वर्गवारी शिल्लक राहिली. स्वतःचे नसलेले झाड कोणी मनापासून जपत नाही, आणि ज्याची सावली आपल्याला नडते असे दुसऱ्याचे झाड हळूहळू कसे वाळते, हे खेड्यातल्या कोणालाही शिकवावे लागत नाही.

बाजाराने काय केले तेही पाहिले पाहिजे. १९४२ च्या कॉफी कायद्याने मळेवाल्याचा माल कॉफी मंडळाच्या सामाईक साठ्यात जात असे आणि मंडळच तो विकत असे. या व्यवस्थेतील विलंबाने व लालफितीने शेतकरी चिडत. पण दराचे धक्के तिच्यात बोथट होत. १९८९ साली आंतरराष्ट्रीय कॉफी करारातील निर्यातकोटे कोसळले आणि जगभर भाव गडगडले. १९९० नंतरच्या दशकात आपल्याकडेही विक्री टप्प्याटप्प्याने मोकळी झाली. तेव्हापासून कोडगूचा शेतकरी लंडन आणि न्यूयॉर्कच्या बाजारांकडे डोळे लावून बसतो. अरेबिका नाजूक, खोडकिड्याला बळी पडणारी, मजुरी मागणारी. रोबस्टा दणकट, अधिक उत्पन्न देणारी आणि कमी सावलीवर भागणारी. अर्थात शेतकरी रोबस्टाकडे वळला. आज देशातील कॉफीपैकी सुमारे सत्तर टक्के रोबस्टाच आहे. वळवाच्या सरीची वाट न पाहता तुषारसिंचनाने फुलोरा आणता येऊ लागला, तशी दाट सावलीची ओल पूर्वीइतकी मोलाची राहिली नाही. उपरोक्त २०१८ च्या अभ्यासाचा निष्कर्ष दिलासा देणारा आहे: रोबस्टाच्या मळ्यांतही पक्ष्यांची विविधता बऱ्याच प्रमाणात टिकून होती. पण ती टिकली आहे ती वरची झाडे अजून उभी आहेत म्हणून. २०२४ साली रोबस्टाचे भाव लंडनमध्ये विक्रमी पातळीवर गेले. अशा भावात आणखी चार फांद्या, आणखी दोन झाडे कमी करून पोतेभर जास्त कॉफी काढण्याचा मोह कोणाला होणार नाही?

पाश्चात्त्य देशांत सावलीतल्या कॉफीला जादा दर देण्याची एक चळवळ आहे. मध्य व दक्षिण अमेरिकेत सावली तोडून उघड्यावर कॉफी लावण्याची लाट आली, तेव्हा हिवाळ्यात तेथे उतरणाऱ्या उत्तर अमेरिकेतील पक्ष्यांची काळजी वाटून पक्षिप्रेमींनी ती सुरू केली. आपल्याकडील कॉफी तर जवळजवळ सारीच सावलीतली. परंतु जी गोष्ट सर्वांकडे आहे तिला बाजारात जादा दर कोण देणार? प्रमाणपत्राची फी, कागदपत्रे आणि तपासनीस हे मोठ्या मळ्यांना परवडते. चार एकरांच्या शेतकऱ्याला नाही. २०१९ साली कुर्ग अरेबिका, चिकमगळूर अरेबिका, वायनाड रोबस्टा आदी पाच कॉफींना भौगोलिक मानांकन मिळाले, ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र त्या मानांकनामुळे मिळणारा दर कॉफीला मिळेल. झाडाला काय?

आणि खर्च तर झाडापायी होतोच. मळ्यातल्या फणसांसाठी हत्ती येतात. एका रात्रीत चाळीस-पन्नास झुडपे आडवी होतात, कुंपण मोडते, आणि पहाटे कामावर निघालेले मजूर त्यांच्या वाटेत सापडतात. कोडगूत अशा मृत्यूंच्या बातम्या नित्याच्या झाल्या आहेत. ज्या फणसामुळे हत्ती आला तो फणसच तोडावा, असे मागे राहिलेल्यांना वाटले तर त्यांना जैवविविधतेवर व्याख्यान देण्याचा अधिकार शहरात बसून कॉफी पिणाऱ्या आपल्यापैकी कोणाला आहे? याच जिल्ह्यात तलकावेरीला कावेरी उगम पावते. तिच्या पाण्यावर म्हैसूर व बंगळूर ही शहरे जगतात, खालचा तामिळनाडू भात पिकवितो. उतारावरची माती झाडांनी धरून ठेवावी, पावसाचे पाणी जिरावे, यात या सर्वांचा लाभ आहे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये याच डोंगरांचे कडे कोसळले तेव्हा उघड्या उताराचा अर्थ साऱ्यांनी पाहिला. परंतु खर्चाची बाजू एकट्या शेतकऱ्याच्या खात्यावर आहे.

मार्ग नाही असे नाही. केंद्र सरकारने २०१४ साली राष्ट्रीय कृषिवनीकरण धोरण जाहीर केले. शेतकऱ्याने लावलेल्या झाडांवरील तोडीची व वाहतुकीची बंधने सैल करावीत, ही शिफारस त्यात आहेच. कोडगूत ती प्रामाणिकपणे लागू करावयाची तर प्रथम जुना ‘अनरिडीम्ड’ भेद मिटवून झाडाची मालकी जमीनधारकाला दिली पाहिजे. यावर वनखात्याचा आक्षेप ठरलेला आहे: आज परवानगी सैल केली, तर उद्या शंभर वर्षांच्या शिसवी ट्रकांत चढतील. हा आक्षेप खोटा नाही. लाकडाचे व्यापारी टपलेलेच आहेत. म्हणून जुनी झाडे आणि नवी झाडे यांत भेद करावा लागेल. आज उभ्या असलेल्या मोठ्या देशी वृक्षांची मोजणी करावी, त्यांवरील बंदी ठेवावी, आणि प्रत्येक वृक्ष उभा राखल्याबद्दल शेतकऱ्याला दरवर्षी भाडे द्यावे. हे भाडे कावेरीचे पाणी पिणाऱ्या शहरांच्या पाणीपट्टीतून का येऊ नये? उलटपक्षी, आजपासून शेतकरी जे देशी रोप लावील त्याची नोंद गावपातळीवर व्हावी आणि ते झाड मोठे झाल्यावर सिल्व्हर ओकप्रमाणेच विनापरवाना तोडण्याचा हक्क त्याला मिळावा. त्यांतली काही तोडली जातील, ही गोष्ट मनाशी स्वीकारली पाहिजे. तोडता येईल या भरवशावर लावलेली झाडे पन्नास वर्षे सावली, फळे आणि ढोल्या देतात. तोडता येणार नाही या भयाने न लावलेली झाडे काहीच देत नाहीत.

पश्चिम घाटाबाबत गाडगीळ समितीचा अहवाल २०११ साली आला, कस्तुरीरंगन गटाचा २०१३ साली. संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुदा २०१४ पासून वारंवार निघाला, २०२४ च्या जुलैत तर सहाव्यांदा. आणि कर्नाटक सरकारने तो धुडकावून लावला. या वादात दोन्ही बाजूंनी बंदीचीच भाषा बोलली गेली. शेतकऱ्याला बंदीची धास्ती पडली, आणि ती त्याच्या अनुभवातून आलेली होती. बंदी म्हणजे काय हे त्याने आपल्याच मळ्यातल्या शिसवीकडे पाहून जाणले आहे. महाराष्ट्रातही याहून निराळे नाही. सिंधुदुर्गातील दोडामार्गकडे खासगी रानांवर रबराच्या रांगा उभ्या राहिल्या, त्यामागेही हेच गणित आहे: जे रान राखून घराला पैसा मिळत नाही, ते कोणीतरी विकत घेतो आणि ज्यातून पैसा मिळतो ते लावतो.

दरसाल पहिला पाऊस पडला की कोडगूचे शेतकरी रोपवाटिकेत जातात. गेल्या वर्षीच्या वाऱ्यात मोडलेल्या झाडांच्या जागा भरावयाच्या असतात. तेथे एका ओळीत सिल्व्हर ओकची रोपे असतात, आणि देशी झाडांची असलीच तर एखाद्या कोपऱ्यात. हातात कोणते रोप घ्यावे याचा निर्णय शेतकरी त्या कोपऱ्यासमोर उभा राहून घेत नाही. त्याने तो घरून निघतानाच घेतलेला असतो. वनखात्याच्या कचेरीत आजोबांनी केलेला अर्ज अजून पडून असेल, तर तो कसा असतो हे वाचकांनी ताडावे.